उलटा फिरणारा सूर्य

जूनच्या पहिल्या रविवारी हुपरीच्या चंदना मगदूमनं नेर्लेकर सरांची माफी मागितली, तीही भरल्या क्लाससमोर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या क्लासच्या वरच्या खोलीत तीस-पस्तीस पोरं बसली होती. चंदना फळ्याजवळ उभी राहिली, मान खाली घातली आणि म्हणाली, "सर, जानेवारीत मी रागाच्या भरात नाही नाही ते बोलले. माझं चुकलं. मला परत क्लासला घ्या."

सरांना आनंद झाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते पोरांकडं वळले. "बघा रे. चूक कबूल करायला मोठं मन लागतं."

चंदनानं मान वर केली नाही. केली असती, तर तिच्या डोळ्यांत काय पेटलंय ते शेवटच्या बाकावरनंसुद्धा दिसलं असतं.

जानेवारीत घडलं होतं ते असं. नेर्लेकर सरांचा क्लास तसा गणित-विज्ञानाचा, पण त्यांचं नाव झालं ते जिल्ह्याच्या विद्यार्थी खगोल स्पर्धेमुळं. आधी लेखी परीक्षा, आणि तिच्यातून निवडलेल्या मुलांनी स्वतः केलेली आकाशाची निरीक्षणं परीक्षकांपुढं मांडायची, अशी ती स्पर्धा. सरांची पोरं बहुतेक वर्षी पहिली यायची. क्लासच्या जिन्यात त्यांचे फोटो टांगलेले होते. हातात ढाल, बाजूला सर.

चंदना तेव्हा दहावीत होती. हुपरीच्या शाळेत एक छोटी दुर्बीण कपाटात पडून होती, ती मुख्याध्यापकांनी तिला घरी न्यायला दिली. तिच्या घरात खालच्या मजल्यावर चांदीचं काम चालतं. तिचे वडील पार्श्वनाथ, म्हणजे अण्णा, आणि आणखी पाच माणसं सकाळपासनं पैंजणांना घुंगरू जोडत बसतात. वर गच्ची. त्या गच्चीवर चंदनानं ऑक्टोबरपासनं रोज सकाळी शाळेच्या आधी सूर्य टिपला. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नसतो, डोळा कायमचा जातो. दुर्बीण सूर्यावर रोखायची आणि मागं पांढरा कागद धरायचा. कागदावर बशीएवढं उजळ बिंब पडतं, आणि त्या बिंबावर काळे ठिपके दिसतात, ते सूर्यावरचे डाग. पेन्सिलीनं ते जिथल्या तिथं गिरवायचे. एका डागाला या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला तेरा-चौदा दिवस लागतात, कारण सूर्य स्वतःभोवती फिरत असतो. चंदनाची अशी ब्याण्णव चित्रं झाली. थंडीत बोटं आखडायची, खालनं आई हाका मारायची, तरी एक दिवस तिनं चुकवला नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला सरांनी वही "तपासायला" म्हणून ठेवून घेतली. आठ दिवसांनी म्हणाले, "अगं, कपाटात सापडत नाहीये. पोरांनी कुठंतरी टाकली बघ. पुढच्या वर्षी भाग घे." चंदना घरी येऊन रडली आणि गप्प बसली. पण स्पर्धेच्या दिवशी अण्णांना घेऊन ती नुसतं बघायला गेली, आणि तिथं भिंतीवर तिची ब्याण्णव चित्रं लागली होती. वरती नाव होतं ऋतुराजचं. सरांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा.

चित्रं पुन्हा काढलेली होती, अक्षर वेगळं होतं. पण पहिल्या पाच चित्रांत उजव्या कडेजवळ एकाच जागी एक टिंब होतं. चंदनाला ते टिंब पाठ होतं. तिनं मोबाइलवर त्या चित्रांचा फोटो काढला. दुर्बिणीच्या मागच्या भिंगाला तिथं एक बारीक खड्डा आहे. पहिले पाच दिवस तिला तो डागच वाटला होता. सहाव्या दिवशी भिंग फिरवून बघितल्यावर चूक कळली. ऋतुराजनं तिची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती. वर माईकवर तो सांगत होता, "रोज सकाळी आमच्या टेरेसवर मी एकटा उभा राहायचो..."

चंदना व्हरांड्यात सरांना आडवी गेली. "सर, ही माझी वही हाय! ती चित्रं माझी हायेत!"

लोक जमले. सर हसले. "पुरावा काय तुझ्याकडं? घरात घुंगरं मोजायची सवय, तशी चार डाग मोजले म्हणून शास्त्रज्ञ झालीस होय? सूर्य काय एकट्या तुमच्या हुपरीतनंच दिसतो?"

पोरं हसली, पालक हसले. चंदना आणखी काही बोलणार, तेवढ्यात अण्णा पुढं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेल्या तिच्या बापानं सरांपुढं दोन्ही हात जोडले. "पोरगी लहान हाय सर. माफ करा."

चित्रं चोरीला गेली त्याचं दुःख कदाचित ओसरलं असतं. ते जोडलेले हात मात्र चंदनाच्या डोळ्यांपुढनं हलेनात. जेवताना दिसायचे, वाचताना दिसायचे. तिनं त्याच आठवड्यात मनाशी ठरवलं, की या माणसाला अशाच भरल्या सभागृहात, अशाच लोकांसमोर, खाली मान घालायला लावायची. कशी, ते तिला मे महिन्यापर्यंत सुचलं नाही.

सुचलं ते अण्णांच्या शेजारी बसल्या बसल्या. अण्णा चांदीच्या पत्र्यावर ठसा मारत होते. ठशावर मोराची नक्षी उलटी कोरलेली असते, म्हणून पत्र्यावर ती सुलटी उमटते. चंदना त्या उलट्या मोराकडं बघत राहिली. आंघोळ करून आल्यासारखं तिला हलकं वाटलं.

मग जूनमध्ये ती माफी. माफीनंतर ती सरांना म्हणाली, "यंदा मी स्पर्धेत नाही उतरत सर. अकरावीचा अभ्यास आहे. पण सवय लागलीय, निरीक्षणं करून क्लासला देईन."

"शाब्बास," सर म्हणाले. "वही इथल्या कपाटात ठेवत जा. क्लासची राहू दे."

हुपरीच्या कॉलेजातनं तिनं स्वतःचा अर्ज भरला, तो कुणालाच सांगितला नाही.

क्लासमध्ये तिला एकच मैत्रीण होती, कसबा बावड्याची अनुजा. अनुजाचे वडील साखर कारखान्यात कामाला, घरची थोडी शेती. कोल्हापूरच्या पोरींच्या रिवाजानं "मी आलो, मी गेलो" करत धडाधड बोलणारी, मनात काही न ठेवणारी पोरगी. चंदना जैन, कांदा-लसूण-बटाटा खात नाही, हे कळल्यापासनं अनुजाची आई क्लासच्या दिवशी डब्याच्या एका कप्प्यात बिनकांद्याची भाजी वेगळी करून द्यायची. अनुजा डबा उघडून तो कप्पा चंदनाकडं सरकवायची आणि म्हणायची, "खा. आई विचारती, पोरीला आवडली का म्हणून."

सप्टेंबरात दशलक्षण पर्व झालं. शेवटी क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे एकमेकांना हात जोडून क्षमा मागतात आणि क्षमा करतात. चंदनानं शेजाऱ्यांना हात जोडले, चुलत्यांना जोडले, ज्या काकूशी आईचं वर्षभर बोलणं नव्हतं तिलाही जोडले. फोनवर अनुजाला "उत्तम क्षमा" म्हणाली. आई म्हणाली, "सरांना पण कर की गं फोन. मागलं मिटवून टाक."

"केला," चंदना म्हणाली. केला नव्हता. पर्वाच्या दिवशी खोटं बोलल्याचं तिला काही वाटलंही नाही.

ऑक्टोबरात आभाळ निवळलं आणि गच्चीवरचं काम सुरू झालं. यंदा वह्या दोन होत्या. निळ्या वहीत ती खरं चित्र काढायची, पूर्वेच्या कडेला 'पू' आणि पश्चिमेच्या कडेला 'प' लिहायची. मग तो कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरायचा आणि मागच्या बाजूनं दुसऱ्या कागदावर गिरवायचा. डावीकडचे डाग उजवीकडं गेले, उजवीकडचे डावीकडं. त्यावर 'पू' आणि 'प' मात्र आधीच्याच जागी. तो कागद लाल वहीत, आणि लाल वही क्लासच्या कपाटात. डागांची संख्या तीच, आकार तेच, तारखा त्याच. कुणी इंटरनेटवरच्या आकड्यांशी ताडून बघितलं तरी जुळलं असतं. फरक एवढाच, की सूर्यावरचे डाग पूर्वेकडनं पश्चिमेकडं सरकतात आणि लाल वहीतले पश्चिमेकडनं पूर्वेकडं सरकत होते. लाल वहीतला सूर्य उलटा फिरत होता.

ज्यानं आयुष्यात चार दिवस जरी सूर्य कागदावर पाडून बघितला असेल, त्याला हे एका नजरेत कळलं असतं. सरांनी तो बघितलेला नाही, अशी चंदनाला खात्री होती. तरी नोव्हेंबरात एका बुधवारी सर लाल वही उघडून बराच वेळ पानं उलटत बसले, तेव्हा ती हातातलं पेन खाली ठेवून बघत राहिली.

"चंदना."

"जी सर."

"हे बघ." त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "हे काय?"

तिनं वाकून बघितलं.

"तारीख नीट लिहीत जा," सर म्हणाले. "एक आहे का सात, कळत नाही."

"हो सर," ती म्हणाली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिला हसू फुटलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ती पोट धरून हसली, आणि येणारे-जाणारे बघायला लागले तेव्हा उठली.

लेखी परीक्षा झाली. निकालाच्या यादीत नावं नव्हती, फक्त बैठक क्रमांक होते. चंदना पाचवी आली होती आणि ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तीन डिसेंबरला सरांनी क्लासची प्रकल्पाची जोडी जाहीर केली. या स्पर्धेत एकट्यानं किंवा जोडीनं उतरता येतं. "ऋतुराज," सर म्हणाले, "आणि यंदा त्याच्याबरोबर अनुजा. दोघं मिळून सूर्याचे डाग करतील."

अनुजानं बाकाखालून चंदनाचा हात घट्ट धरला. "माझं नाव घेतलं गं! माझं!"

हे चंदनाच्या हिशोबात नव्हतं. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि एकेक शक्यता बघत गेली. अनुजाला सांगावं, तर ती असली भाबडी, की सरांना जाऊन विचारील. नाही सांगावं, तर ती पण बुडेल. पट्टणकोडोली येईपर्यंत चंदना सांगायचं म्हणत होती. हुपरीच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिनं ठरवलं होतं, नाही सांगायचं. अनुजानं पण मघाशी स्पर्धेच्या फॉर्मवर सही केलीच ना, 'ही निरीक्षणं आम्ही स्वतः केली आहेत' म्हणून? मग भोगू दे. असं स्वतःला सांगितल्यावर तिला जरा बरं वाटलं. अनुजाला ती सही सरांनी दटावून करायला लावली होती, हे तिला माहीत होतं. तेवढं तिनं बाजूला ठेवलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अनुजा मोठा तक्ता गुंडाळून घेऊन आली आणि चंदनाच्या शेजारी बसली. डबा उघडला, वांग्याची भाजी सरकवली.

"एक विचारू का? मला एक कळंना झालंय."

"विचार की."

"पुस्तकात दिलंय, डाग पूर्वेकडनं पश्चिमेकडं सरकत्यात. तुझ्या वहीत मी बघितलं, सगळेच पश्चिमेकडनं पूर्वेकडं चाललेत. ऋतुराजला विचारलतो, तर तो म्हणतो गप बस, हाय तसं उतरव. सरांना विचारू का?"

चंदनाच्या हातात घास होता. क्षणभर तिला वाटलं, ही पोरगी आपणहून दारात आलीय, हिला आत घ्यावं. मग तिला अण्णांचे हात दिसले.

"सरांना कशाला?" ती म्हणाली. "कागदावर प्रतिमा उलटी पडती ना, म्हणून तसं दिसतंय."

"व्हय की!" अनुजानं कपाळावर हात मारला. "माझ्या डोक्यात कसं आलं न्हाय. कुणी विचारलं तर हेच सांगतो." आणि मग, "भाजी कशी झालीय?"

"चांगली झालीय," चंदना म्हणाली. तिनं सगळी खाल्ली.

अठ्ठावीस जानेवारीला कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत पालक, मधोमध नेर्लेकर सर, नवा कोट घातलेले. चंदनाला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "तू इथं?"

"बघायला आले सर," ती म्हणाली. तिच्या पिशवीत निळी वही होती, आणि तिची स्वतःची पाळी ऋतुराजच्या नंतर होती.

सातव्या क्रमांकाला ऋतुराज आणि अनुजा उभे राहिले. तक्ता सुंदर झाला होता. अनुजानं रात्री जागून रंगवला होता. ऋतुराज घडाघडा बोलला. गेल्या वर्षीचीच वाक्यं, टेरेस आणि थंडी. परीक्षकांत पुण्याहून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्या उठल्या, चष्मा वर सरकवून तक्त्याजवळ गेल्या आणि एका डागावर पेन्सिल टेकवून त्याचा पुढच्या चित्रातला, त्याच्या पुढच्या चित्रातला प्रवास बघत गेल्या. तिसऱ्या रांगेत चंदना ताठ बसली. इतकं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं.

"हा डाग कुठून कुठं चाललाय?" बाईंनी विचारलं.

"पश्चिमेकडून पूर्वेकडे मॅडम," ऋतुराज म्हणाला.

"सगळेच?"

"सगळेच मॅडम. तीन महिने."

बाई वळल्या. "बाळ, मग तुझा सूर्य उलटा फिरतोय."

सभागृहात हशा पिकला. ऋतुराज सरांकडं बघायला लागला. अनुजा पुढं सरसावली, "मॅडम, कागदावर प्रतिमा उलटी पडती ना, म्हणून."

"प्रतिमा उलटली तर पूर्व-पश्चिमही तिच्याबरोबर उलटेल. इथं 'पू' लिहिलंय. ही पूर्व तुम्ही कशी ठरवली?"

अनुजानं ऋतुराजकडं बघितलं.

"दुर्बीण हलवली नाही, तर कागदावरचं बिंब कुठल्या दिशेला सरकतं?"

ऋतुराज हातातले कागद चाळायला लागला.

"तुम्ही कधी सूर्य बघितलाय का?" बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं. आता कुणी हसलं नाही.

नेर्लेकर सर उभे राहिले. चंदनानं याच क्षणाची वर्षभर वाट बघितली होती. पण सरांनी मान खाली घातली नाही. कोटाचं बटण लावत ते म्हणाले, "मॅडम, जरा खुलासा करतो. चित्रं काढायची जबाबदारी या मुलीची होती. ऋतुराजकडं लेखी बाजू होती. मुलगी नवीन आहे, हिनं घरी बसून मनानं काढलेली दिसतात. मी स्वतः दिलगीर आहे. क्लासची यात फसवणूक झालीय."

अनुजानं तक्त्याची कड धरली होती. तिनं सभागृहात इकडंतिकडं बघितलं, आणि तिची नजर चंदनावर येऊन थांबली. त्या नजरेत आरोप नव्हता. बुडणारं माणूस बघतं तशी ती मदतीसाठी बघत होती.

चंदना उठली. अनुजाची दया आली म्हणून उठली, की सर हातातनं निसटतायत हे सहन झालं नाही म्हणून, ते तिला नंतरही नक्की सांगता आलं नाही. पण उठताना तिचे दात आवळलेले होते, हे तिला आठवतं.

"चित्रं अनुजानं काढलेली न्हाईत," ती मोठ्यानं म्हणाली. "मी काढलीत. मुद्दाम उलटी काढलीत."

ती पुढं चालत गेली आणि निळी वही बाईंच्या टेबलावर ठेवली. "ही खरी. लाल वही सरांच्या कपाटात हाय. गेल्या वर्षी पण ह्यांनी माझीच चित्रं ह्याच्या नावावर लावलती. हा फोटो बघा." तिनं मोबाइल पुढं धरला. "ह्या पाच चित्रांत हे टिंब एका जागी हाय. सूर्यावरचा डाग पाच दिवस एका जागी बसतो का मॅडम? तो माझ्या भिंगाला पडलेला खड्डा हाय. दुर्बीण हुपरीत हाय, आजपण या आणि बघा. ह्यांना म्हणावं, ह्यांच्या टेरेसवरची दुर्बीण दाखवा."

"खोटं बोलतीय ही!" सर ओरडले. "सूड उगवतीय!"

"व्हय," चंदना म्हणाली. "सूडच उगवतोय."

बाईंनी फोटो बघितला. निळी वही पानापानानं बघितली. मग ऋतुराजला विचारलं, "तुझी दुर्बीण कुठली?" ऋतुराजनं मामाकडं बघितलं. सोळा वर्षांचा तो पोरगा सगळ्यांसमोर रडायला लागला आणि म्हणाला, "मामा, सांगा की आता." तेव्हा कुठं नेर्लेकर सर खाली बसले. त्यांनी मान खाली घातली. चंदना बघत राहिली. तिनं डोळे भरून बघितलं, अगदी पोट भरेपर्यंत.

निर्णय तासाभरानं आला. सरांच्या क्लासला तीन वर्षं बंदी. ऋतुराज आणि अनुजाची जोडी बाद. मग बाईंनी चंदनाला जवळ बोलावलं. "मुली, तुझी ही निळी वही आज इथली सगळ्यात चांगली वही आहे. आणि तुलाही मी बाद करतेय. खोटं निरीक्षण तयार करून दुसऱ्याच्या हातात दिलंस. कशासाठी दिलंस ते मला समजतं. पण या कामात आपल्याकडं दुसरं काही नसतं, माणसानं जे बघितलं तेच लिहिलंय, एवढाच विश्वास असतो."

"चालंल," चंदना म्हणाली. ढाल तिला नकोच होती. ती जे न्यायला आली होती ते तिला मिळालं होतं.

घरी येऊन तिनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा चिमटा हातात धरून ऐकत राहिले.

"हे सगळं कशापायी केलंस?"

"तुम्ही त्याच्यापुढं हात जोडले, अण्णा. मला न्हाय सहन झालं."

अण्णांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "मला न्हवतं गं काय वाटलं. तू रडायच्या आत तुला तिथनं बाहेर काढायचं हुतं, म्हणून जोडलं. दारातनं भाईर आलो, तवाच इसरलो मी." आणि त्यांनी पुढचं घुंगरू उचललं.

चंदनाला ते पटलं नाही. तिला रागच आला. बापाला लागलंच नव्हतं, तर वर्षभर जे जळत होतं ते कुणाचं? तिचं तिचंच म्हणायचं. असेना. पुढच्या बुधवारी काही काम नसताना ती बसनं कोल्हापूरला गेली आणि राजारामपुरीतल्या त्या जिन्यापाशी उभी राहिली. फोटो उतरवले होते. भिंतीवर नुसते खिळे होते आणि त्यांच्याखाली चौकोनी पांढरे डाग. पालक पोरांना काढून नेत होते, असं खालच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. चंदनानं ते खिळे मोजले आणि सावकाश, मजेत, स्टँडकडं चालत गेली.

रविवारी दुपारी अनुजा हुपरीला आली. एकटीच. आईनं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. "काकू, नको. लगेच जाणार हाय." मग चंदनाला म्हणाली, "वर चल."

गच्चीवर ऊन होतं. अनुजा कठड्याला टेकून उभी राहिली.

"जोडी लागली ते तुला कधी कळलं?"

"तीन डिसेंबरला. तुझ्या शेजारीच बसलतो की मी."

"आणि वही उलटी होती ती?"

"ऑक्टोबरपासनं."

अनुजानं बोटांवर मोजलं. "छप्पन्न दिवस. छप्पन्न दिवस तुला ठाऊक होतं. माझ्या डब्यातलं खाल्लंस. मी तुला सरळ विचारलतो, चंदना. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तवा तरी सांगायचंस."

"मला वाटलं, तू सरांना..."

"मी सरांना काय? त्यांनी तुझं काय केलंय ते तू मला कधी सांगितलंस व्हय? सांगितलं असतंस तर मीच लाल वही त्यांच्या तोंडावर फेकली असती." तिनं कठड्यावर हात आपटला. "आमच्या गल्लीत पोरं मला बघून गोल गोल उलटी फिरत्यात. आईला वाटतंय मीच चोरी केली."

"अनुजा, मला माफ..."

"न्हाय. माफीबिफी मागू नको. मला ऐकायची न्हाय." तिनं डोळे पुसले आणि कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेल्या दुर्बिणीकडं बोट केलं. "ती काढ. मला सूर्य दाव. तीन महिने मी सूर्याचा प्रकल्प केला आणि एकदा पण सूर्य बघितला न्हाय."

चंदनानं दुर्बीण बाहेर आणली, रोखली, मागं पांढरा पुठ्ठा उभा केला. हलतं, उजळ बिंब कागदावर पडलं. मधोमध तीन डाग होते, एक मोठा आणि त्याच्या मागं दोन बारके. अनुजा वाकून बघत राहिली. बिंब हळूहळू सरकत सरकत कागदाच्या कडेला गेलं आणि अर्धं बाहेर पडलं.

"कुठल्या बाजूला चाललाय?" अनुजानं विचारलं.

"पश्चिमेला."

अनुजानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "हे तरी खरं सांगत्यास न्हवं?"

"खरं हाय," चंदना म्हणाली.

अनुजा आणखी थोडा वेळ कागदाकडं बघत राहिली, बिंब पुरतं निघून जाईपर्यंत. मग तिनं ओढणी सावरली, जिना उतरली, आईला "येतो काकू" म्हणाली आणि साडेतीनची कोल्हापूर बस धरायला स्टँडकडं निघाली. चंदना तिच्या मागनं कोपऱ्यापर्यंत गेली. अनुजानं मागं वळून बघितलं नाही.